चतुर पंडित भातखंडे आणि लयीची तीन नावे

गोकुळाष्टमीस जन्म आणि गणेशचतुर्थीस देहत्याग असा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांस तो लाभला. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे ते जन्मले तो दिवस जन्माष्टमीचा होता. आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईसच त्यांनी देह ठेवला तेव्हा घरोघरी गणपती बसले होते. देवळाशी नाते सांगणाऱ्या आम्हां मंडळींस या दोन तिथींचे अप्रूप वाटले तर नवल नाही. परंतु आज त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे कारण निराळे आहे.

सुरतेतील आपल्या मराठी घरांतून मुले-मुली गाणे शिकावयास जातात. परीक्षेचे दिवस आले, की विलंबित, मध्य आणि द्रुत या तीन शब्दांची व्याख्या घरात मोठ्याने पाठ होऊ लागते. आईबापांस त्या व्याख्येची इतकी सवय झालेली असते, की हे शब्द क्रमिक पुस्तकात कोणी आणून बसविले हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आणि दुसरी एक गोष्ट तर त्याहून सहज नजरेआड होते. गाणे किती संथ वा किती जलद म्हणावे याला पुस्तकात निदान तीन शब्द तरी आहेत. ते किती हळू वा किती मोठ्याने म्हणावे, कोठे आवाज भरावा, कोठे तो आवरावा, कोणत्या भावाने म्हणावे, याला त्या पानावर एकही खूण नाही. ज्या पुरुषाने आयुष्याची चाळीस वर्षे गाणे कागदावर उतरविण्यात घालविली, त्याने हा भाग कोरा का ठेवला, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

भातखंडे हे गवयाच्या घरात जन्मलेले नव्हते. कुटुंब सामान्य स्थितीतील, परंतु गाण्याची आवड असलेले. लहानपणी बासरी, पुढे सतार, असा त्यांचा प्रवेश झाला. सतार त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्यापाशी घेतली व हे वल्लभदास जीवनलाल महाराज यांचे शिष्य होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली कायद्याची पदवी त्यांनी घेतली, काही काळ कराचीस व नंतर मुंबईस वकिली केली. त्या काळच्या सुशिक्षित ब्राह्मणाच्या मुलास शोभेल असाच हा मार्ग होता. गाणे हा सभ्य माणसाचा व्यवसाय नव्हे अशी समजूत त्या वेळी सार्वत्रिक होती, आणि गवयांच्याही मनात शिकलेल्या माणसाबद्दल फारसा विश्वास नव्हता.

या दोहोंमध्ये पूल बांधण्यास मुंबईतील पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी कारणीभूत झाली. ही संस्था १८७० साली निघाली व १८८४ साली भातखंडे तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी धृपदे घेतली, अलीहुसेन व विलायतहुसेन या खाँसाहेबांकडून ख्याल घेतले. शेकडो चिजा त्यांच्या संग्रही जमल्या. जमल्या म्हणजे केवळ कंठात नव्हे. वकिलाच्या सवयीने त्यांनी त्या लिहून ठेवल्या. येथेच त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज पडले असे आम्ही समजतो. जो मनुष्य ऐकलेले लिहावयास बसतो त्यास पहिल्याच ओळीला अडचण येते: सूर लिहिला, शब्द लिहिला, पण दोन सुरांमध्ये किती वेळ जाऊ द्यावयाचा हे कसे लिहावे?

जुन्या शास्त्रकारांनी याचा विचार केलेला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात द्रुत, मध्य व विलंबित असे तीन लय सांगितले आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते ठरवून दिले आहे: द्रुताच्या दुप्पट संथ तो मध्य, मध्याच्या दुप्पट संथ तो विलंबित. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात लय म्हणजे एका क्रियेनंतरची विश्रांती असा सूक्ष्म अर्थ केलेला आढळतो. टाळी वाजली ती लय नव्हे. एका टाळीनंतर दुसरी वाजेपर्यंत जो अवकाश राहिला ती लय. आरतीच्या वेळी टाळ हाती घेणाऱ्या आपल्या मुलांस हे एकदा समजावून सांगावे. त्यांस ते ताबडतोब पटते. आरती आरंभी चालते त्या गतीत दोन टाळ्यांमध्ये श्वास घेण्यास जागा असते, आणि शेवटच्या लोटांगणापर्यंत ती जागा इतकी आखडते की श्वास कोठे घ्यावा हेच कळत नाही.

भरताने यापुढेही पाऊल टाकले होते. हास्य व शृंगार यांस मध्य लय, करुणास विलंबित, वीर, रौद्र, अद्भुत, भयानक व बीभत्स यांस द्रुत, अशी त्याने योजना केली. म्हणजे गती आणि भाव यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी घातली गेली होती. इतकेच नव्हे, तर नाटकातील पाठ्य म्हणजे बोलण्याचा भाग कसा म्हणावा यासाठी त्याने सहा अलंकार सांगितले: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. दूरच्या माणसास हाक मारताना उच्च, भांडणात व क्रोधात दीप्त, खिन्नतेत व आजारात मंद्र, थकलेल्याच्या साध्या बोलण्यास नीच, भीतीने व ज्वराने पीडलेल्यास द्रुत, प्रेमात व विचारात असता विलंबित. आवाजाच्या अशा भावदर्शक वळणास त्याने काकु हे नाव दिले.

यात एक गंमत पाहण्यासारखी आहे. उच्च म्हणजे वरचा सूर की मोठा आवाज, हे या शब्दांवरून स्वच्छ वेगळे होत नाही. आपल्या मराठीतही ते होत नाही. आवाज चढवून बोलू नकोस असे आई मुलास म्हणते तेव्हा ती मोठ्या आवाजाबद्दल बोलत असते. गवई सूर चढा आहे म्हणतो तेव्हा तो उंचीबद्दल बोलत असतो. युरोपातील संगीतात या दोन गोष्टी शब्दांनीच अलग केल्या आहेत. तेथे इटालियन भाषेतील शब्द सर्व देशांनी स्वीकारले: संथ गतीस अदाज्यो, जलद गतीस अलेग्रो, हलक्या आवाजास पियानो, जोरकस आवाजास फोर्ते. पुढे १८१५ साली मेल्त्सेल याने मेट्रोनोम नावाच्या ठोके देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि बेथोव्हेनसारख्या संगीतकाराने आपल्या रचनांवर मिनिटास किती ठोके ते आकड्यांनी लिहून ठेवले. रचनाकार मरून गेला तरी त्याची इच्छा कागदावर राहावी, अशी त्यामागील दृष्टी.

ही इंग्रजी विद्या भातखंड्यांच्या पिढीस अपरिचित नव्हती. तेव्हा त्यांनी त्या मार्गाने जावयास हरकत कोणती होती? याचे उत्तर त्यांच्या प्रवासांत सापडते असे आम्हांस वाटते.

त्यांचा पहिला मोठा प्रवास आपल्याच बाजूस झाला. १८९६ च्या सुमारास सुरत, नवसारी, भडोच, बडोदे, अहमदाबाद आणि पुढे काठियावाडातील राजकोट, जामनगर, जुनागड, भावनगर ही गावे त्यांनी पाहिली. रेल्वेने उतरावे, गावातील गुणी माणसांची चौकशी करावी, त्यांस ऐकावे, प्रश्न विचारावे, उत्तरे टिपून घ्यावी, असा त्यांचा क्रम असे. सुरतेत तेव्हाही, आज आहे तसेच, पुष्टिमार्गाच्या पीठांपैकी एक, श्रीबालकृष्णलालजींचे, विराजमान होते. हवेलीतील कीर्तनाची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे की मंगलेच्या वेळचा राग राजभोगास चालत नाही आणि राजभोगाचा शयनास चालत नाही. बडोद्यास त्याआधी दहा वर्षे, म्हणजे १८८६ साली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढलेली होती, व आपली स्वरलिपी करून पुस्तकेही छापली होती. लिहून शिकविण्याची कल्पना भातखंड्यांनी प्रथम काढली असे जे म्हणतात ते बरोबर नाही. गुजरातने ती त्यांच्या आधी पाहिली होती.

यानंतर त्यांच्यावर घरचे दुःख कोसळले. १९०० साली पत्नी वारली. १९०३ साली एकुलती मुलगी गेली. चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने दुसरा संसार मांडला नाही. पुढील वर्षी, १९०४ साली, ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. ते दुःखाचे औषध होते की दुःखाने मोकळी केलेली वाट होती, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु इतके खरे की यापुढे वकिली मागे पडत गेली आणि १९१० च्या सुमारास ती सुटली.

दक्षिणेत एट्टयपुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितरांशी भेट झाली. दीक्षितरांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा मोठा ग्रंथ त्याच वर्षी, १९०४ साली, छापून निघाला होता. त्यात कृती केवळ सुरांनी लिहिलेल्या नाहीत; सूर कोठे कंप पावतो, कोठे घसरतो, कोठे आघात घेतो, यासाठी निरनिराळ्या गमकांच्या खुणा सुरांच्या माथ्यावर दिलेल्या आहेत. म्हणजे सुराच्या अंगातील हालचालही लिहिता येते, याचा पुरावा भातखंड्यांच्या हाती होता. व्यंकटमखीच्या ७२ मेळांची योजनाही त्यांस याच प्रवासाने मिळाली, आणि तिच्यावरूनच त्यांनी पुढे उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट ठरविले. मेळ त्यांनी घेतले. खुणांचे जाळे मात्र घेतले नाही. हा भेद लक्षात ठेवावा.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयानगरम, कलकत्ता. १९०८-०९ मध्ये प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदेपूर. कलकत्त्यास सौरींद्रमोहन टागोरांशी चर्चा, रामपूरच्या नबाब हमीद अलीखाँ यांचे शिष्यत्व, जयपूरच्या मोहम्मद अलीखाँ कोठीवाल यांच्या घराण्यातील बंदिशींचा संग्रह, असे या प्रवासांचे फळ. कोठीवालांच्या मुलांनी, आशकअली व अहमदअली यांनी, त्या बंदिशी भातखंड्यांस सांगितल्या, व त्यांतील काही फोनोग्राफवर उतरवून घेण्यात आल्या. घराण्याची चीज बाहेर देणे म्हणजे घरातील सोने वाटणे, अशी भावना असण्याचा तो काळ होता. गवयाच्या अंगी असलेली विद्या त्याच्याबरोबर सरणावर जात होती, आणि ज्यांच्यापाशी ती होती त्यांस तिचे शास्त्र सांगता येत नव्हते. एकच राग दोन गावी दोन तऱ्हांनी म्हटला जाई आणि दोघेही आपलाच खरा म्हणत. भातखंड्यांची खरी चिंता ही होती. काय वाचवावयाचे, आणि ते वाचवावयास वेळ किती आहे, असा तो सवाल होता.

अशा माणसाने स्वरलिपी रचली ती शक्य तितकी साधी रचली. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाचा बिंदू खाली, तार सप्तकाचा वर. एका मात्रेत अनेक सूर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान. सूर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबले तर अवग्रह. मींडेस वर कमान, कणास माथ्यावर लहान अक्षर. समेस फुली, खालीस शून्य, इतर टाळ्यांस आकडे. चौथी शिकलेल्या मुलास अर्ध्या तासात समजेल असे हे प्रकरण आहे, आणि छापखान्यातील जुळाऱ्यासही ते फारसे जड जात नाही.

याच काळात दुसरे विष्णु, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढून बसले होते. त्यांचीही स्वरलिपी होती आणि लयीच्या बाबतीत ती भातखंड्यांच्या लिपीहून बारीक होती. पूर्ण मात्रा, अर्धी, पाव, अष्टमांश अशा प्रत्येक कालखंडास पलुसकरांनी वेगळे चिन्ह दिले. गणित पाहिले तर त्यांची लिपी सरस ठरते. तथापि प्रचारात भातखंड्यांचीच अधिक पसरली, कारण ती वाचावयास सोपी. दोन्ही विष्णूंचे अनुयायी यावरून एके काळी फार भांडले. आम्हांस त्या भांडणात रस नाही. दोघांच्याही लिपीत आवाजाच्या चढउतारास आणि भावास खूण नाही, ही गोष्ट त्या भांडणात कोणाच्या ध्यानी आली नाही, इतकेच नमूद करतो.

आता लयीकडे परत येऊ. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत बंदिशीच्या माथ्यावर रागाचे नाव, तालाचे नाव आणि कंसात विलंबित, मध्य लय किंवा द्रुत असा शब्द असतो. मिनिटास किती मात्रा हे कोठेही नाही. याचा परिणाम काय झाला तो पाहण्याजोगा आहे. ग्वाल्हेरच्या जुन्या परंपरेत तिलवाड्यातला विलंबित ख्याल आजच्या कानांस जवळजवळ मध्य लयीतला वाटावा अशा चालीने म्हटला जाई. पुढे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीदखाँ यांनी ती चाल पुष्कळ संथ केली, आणि अमीरखाँ साहेबांनी (१९१२–१९७४) झुमऱ्यात ती इतकी खाली आणली की चौदा मात्रांच्या एका आवर्तनास मिनिटाच्या आसपास वेळ लागू लागला. ग्रंथातील शब्द तोच, गती मात्र कितीतरी बदललेली. भातखंड्यांनी आकडा लिहून ठेवला असता तर हे सारे त्यांच्या ग्रंथाविरुद्ध ठरले असते. शब्द लिहिल्यामुळे ग्रंथ आणि गवई दोघेही खरे राहिले. हे त्यांनी जाणूनबुजून केले असे आमचे म्हणणे नाही. पण फळ हे असे मिळाले.

आकड्यांवर विसंबण्याचा मोह त्यांच्या समकालीनांस नव्हता असे नाही. मार्च १९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंड्यांचाच उद्योग होता. तेथे श्रुतींचा वाद निघाला. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींची गणिती मापे ठरवून त्याप्रमाणे हार्मोनियम बनविली होती. उदेपूरचे झाकिरुद्दीनखाँ यांच्यासारखे धृपदिये परिषदेस आलेले होते. यंत्रातून निघणारी श्रुती आणि गवयाच्या गळ्यातून रागाच्या ओघात निघणारा सूर एकच आहे हे भातखंड्यांस मान्य झाले नाही. ज्यास शास्त्राचा ध्यास लागला होता, ज्याने सारे संगीत थाटांच्या कोष्टकात बसविले म्हणून पुढे लोकांनी नावे ठेविली, तोच मनुष्य येथे कोष्टकाच्या विरुद्ध उभा होता. त्यांच्या टीकाकारांनी हा प्रसंग फारसा आठवलेला दिसत नाही.

भावाविषयी मात्र त्यांनी एक प्रयत्न केला, आणि तो मोठा मनोवेधक आहे. रागांचे त्यांनी वेळेप्रमाणे तीन वर्ग केले. ऋषभ कोमल व गंधार शुद्ध असलेले संधिप्रकाश राग, म्हणजे सूर्योदय व सूर्यास्त यांच्या वेळचे. ऋषभ व धैवत शुद्ध असलेले त्यानंतरचे. गंधार व निषाद कोमल असलेले त्याच्याही पुढच्या प्रहरांचे. तीव्र मध्यमास त्यांनी वाटाड्याचे काम दिले. तो दिसला की दिवस मावळतीकडे झुकला असे समजावे. आणि या तीन वर्गांस रसही सुचविले: पहिल्यास शांत व करुण, दुसऱ्यास शृंगार व हास्य, तिसऱ्यास वीर, रौद्र व भयानक. भरताने रस लयीस जोडला होता; भातखंड्यांनी तो सूरसमूहास व घटकेस जोडून पाहिला. हवेलीत सेवेच्या प्रहरांप्रमाणे राग बदलतात त्या व्यवस्थेशी हे किती जवळचे आहे ते सुरतकरांस सांगावयास नको. तरी हा सिद्धांत पुरा पटत नाही, हे आम्हीही कबूल करतो. मालकंस गंधार-निषाद कोमल असूनही त्यात शांतरस ओतप्रोत भरणारे गवई झाले आहेत, आणि काफीसारख्या रागात होळीचा शृंगार पिढ्यान्पिढ्या गायिला गेला आहे.

यावर सर्वांत तिखट टीका आपल्या शेजारच्या भडोचात वाढलेल्या पुरुषाने केली. पंडित ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) हे खंबायतजवळील जहाज गावचे, नर्मदाकाठी भडोचास वाढले, विष्णु दिगंबरांच्या पायाशी शिकले, व १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीत विभागाचे प्रमुख झाले. थाटांची पद्धत त्यांस मान्य नव्हती. राग हा सुरांची बेरीज नसून भावाची मूर्ती आहे, तेव्हा काकुभेदावाचून त्याचे शिक्षण अपुरे, अशी त्यांची धारणा. त्यांचे गाणे ज्यांनी ध्वनिमुद्रिकांवर ऐकले आहे त्यांस त्यांचा अर्थ कळेल: एकच शब्द ते कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत फिरवीत, आणि प्रत्येक वेळी त्याचा भाव बदले. भरताचे उच्च, दीप्त, मंद्र, नीच हे अलंकार त्यांच्या गळ्यात जिवंत होते. काहींस ते नाटकी वाटे. आम्हांस तो आक्षेप खोटा वाटत नाही, आणि ते गाणे ऐकण्याचे सुखही सोडवत नाही.

परंतु ओंकारनाथांचे म्हणणे खरे धरले तरी भातखंड्यांवर दोष येतो का? आमच्या मते येत नाही. युरोपातील रचनाकार आपली रचना दुसऱ्याने जशीच्या तशी वाजवावी म्हणून लिहितो. म्हणून त्यास हळू, जोरात, अधिकाधिक जोरात, हे सर्व लिहावे लागते. आपल्याकडे बंदिश ही गाण्याचा आरंभ आहे. ती कोठवर न्यावयाची, कोणत्या आवर्तनात आवाज भरावयाचा, कोणत्या शब्दावर तो गाळून टाकावयाचा, हे त्या दिवशी, त्या बैठकीत, गवयाने ठरवावयाचे असते. कीर्तनकार बुवा एकच अभंग आख्यानाच्या आरंभी एका तऱ्हेने आणि शेवटी दुसऱ्या तऱ्हेने म्हणतात, त्यांस कोणी खूण लिहून दिलेली नसते. भातखंड्यांनी आवाजाच्या चढउताराच्या खुणा छापल्या असत्या, तर एका गवयाच्या एका दिवशीच्या लहरीस त्यांनी कायद्याचे स्वरूप दिले असते. वकिलास हा धोका इतरांपेक्षा लवकर दिसतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र म्हणजे स्तोत्र होईल. पुस्तकावरून गाणे शिकविणाऱ्यांनी त्या कोऱ्या जागेचा अर्थ असा केला, की तेथे काही नाहीच. सूर बरोबर, मात्रा बरोबर, आवाज आरंभापासून अखेरपर्यंत एकाच पातळीवर, असे गाणे वर्गावर्गांतून तयार झाले. परीक्षेत ते उत्तीर्णही होते, कारण परीक्षकास चूक दाखविता येत नाही. आपल्या मुलांस कोणी असे शिकवीत असेल तर शिक्षकापाशी पुस्तकाव्यतिरिक्त काय आहे ते पालकांनी अवश्य पाहावे. भातखंड्यांनी स्वतः लिहिले पुष्कळ, पण शिकले ते गुरूंच्या समोर बसून, आणि शिकविले तेही समोर बसवून.

त्यांच्या लेखनाची तऱ्हाही थोडी विलक्षण होती. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी १९१० साली चतुर पंडित या नावाने प्रसिद्ध केला, आणि हिंदुस्थानी संगीत पद्धति या आपल्या मराठी ग्रंथात, जो गुरुशिष्यांच्या संवादरूपाने चार भागांत लिहिलेला आहे, त्यात ते चतुर पंडितांची मते तिऱ्हाइताप्रमाणे आदराने सांगतात. पाठीमागे कोण आहे हे जाणकारांस ठाऊक होते. आज हसू येते. पण संस्कृतात असल्याशिवाय शास्त्र नव्हे असे मानणाऱ्या पंडितांस, आणि संस्कृत न येणाऱ्या विद्यार्थ्यास, दोघांसही एकाच विचाराशी आणण्याची ती युक्ती होती. एवढा मोठा शास्त्रग्रंथ मूळ मराठीत झाला आणि उत्तर हिंदुस्थानास तो हिंदी भाषांतरातून वाचावा लागला, याचा अभिमान गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाने बाळगण्यास काही प्रत्यवाय नसावा.

बडोद्यानंतर १९१८ साली दिल्ली, १९१९ साली काशी, पुढे लखनौ येथे दोनदा, अशा परिषदा झाल्या. ग्वाल्हेरीस १९१८ साली माधवराव शिंद्यांनी माधव संगीत महाविद्यालय काढले ते भातखंड्यांच्या सल्ल्याने. १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. तेथील राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे तेथे प्राचार्य झाले. त्या संस्थेस नंतर भातखंड्यांचेच नाव मिळाले, आणि आज ती विश्वविद्यालय आहे.

१९३३ साली पक्षाघाताने त्यांस अंथरुणास खिळविले. ज्याने देशभर फिरून गाणे गोळा केले त्यास शेवटची तीन वर्षे एका खोलीत काढावी लागली. क्रमिक पुस्तकमालिकेचे चार भाग तोपर्यंत बाहेर आले होते. पाचवा व सहावा त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, प्रसिद्ध झाला. सहाही भागांतील बंदिशींची संख्या अठराशेच्या वर जाते. त्या प्रत्येकीवर राग लिहिला आहे, ताल लिहिला आहे, आणि गतीसाठी तीनांपैकी एक शब्द.